अजिंठ्याची पहिली छायाचित्रे : भग्नावशेष आणि स्थान

प्राचीन वास्तूंविषयी लिहिल्या जाणाऱ्या आपल्याकडील प्रबंधांत जुन्या छायाचित्राला जे स्थान मिळते ते बहुधा शोभेचे असते. प्रकरणाच्या आरंभी एखादे धूसर, तपकिरी चित्र छापावे, त्याखाली लेण्याचा क्रमांक आणि शतक नमूद करावे, आणि मग त्याच्याकडे पुन्हा न पाहता पुढे जावे, अशी रीत पडून गेली आहे. ताम्रपटातील एका मात्रेसाठी चार चार पाने चर्चा करणारा अभ्यासक छायाचित्र मात्र पाहताक्षणीच कळले असे गृहीत धरतो. वस्तुतः छायाचित्र ही देखील एक संहिता आहे. तिला कर्ता आहे, काळ आहे, साधनांच्या मर्यादा आहेत. तिच्यात गाळलेल्या जागा आहेत आणि कर्त्याच्या मनात नसलेला मजकूरही आहे. मेजर रॉबर्ट गिल याने घेतलेल्या अजिंठ्याच्या छायाचित्रांचा विचार या दृष्टीने करावा असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती चित्रे पाहण्यास लागणारी दृष्टी आपणांस परक्या परंपरेकडून उसनी घ्यावी लागत नाही, ती आपल्या वऱ्हाडातच घडलेल्या एका जुन्या मराठी ग्रंथात सापडते, असेही मला सुचवावयाचे आहे.

प्रथम भग्नावशेष पाहण्याची युरोपीय रीत कशी होती ते थोडक्यात पाहू. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि अवघ्या तीन वर्षांत, १८४२ मध्ये, झिरो द प्रांझे हा फ्रेंच गृहस्थ आपली अवजड सामग्री घेऊन रोमच्या फोरमपुढे उभा राहिला. त्याने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर घेतलेली चित्रे ही रोमन अवशेषांच्या अगदी पहिल्या छायाचित्रांपैकी होत. त्या वेळी फोरमचा पुष्कळसा भाग मातीखाली होता आणि त्या जागेला लोक ‘गाईंचे कुरण’ म्हणत. मोकळ्या आकाशावर रेखलेले दोनतीन उभे स्तंभ आणि पायथ्याशी मातीचा ढीग, हे दृश्य युरोपीय रसिकाला नवे नव्हते. अठराव्या शतकात पिरानेसीने आपल्या कोरीव चित्रांतून त्याची नजर आधीच तयार करून ठेवली होती. यंत्र नवे होते, परंतु ते कोठे उभे करावयाचे हे जुन्या चित्रकाराने ठरविलेले होते. हा मुद्दा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. छायाचित्र निसर्गाने आपण होऊन काढलेले चित्र आहे अशी एक समजूत त्या काळी होती. ती खरी मानली तर समीक्षेला वावच उरत नाही.

हीच नजर हिंदुस्थानात आली तेव्हा तिच्यापुढे एक अडचण उभी राहिली. रोमचा भग्नावशेष हा रचलेल्या इमारतीचा अवशेष असतो. दगडावर दगड ठेवलेला असतो, तो पडतो, आणि उरलेला भाग आकाशात एकटा दिसतो. लेणे हे रचलेले नसते, वगळलेले असते. डोंगरातून दगड काढून टाकल्यावर जी पोकळी राहते ती वास्तू. त्यामुळे लेण्याचा भंग निराळ्या तऱ्हेने होतो. दर्शनी भागाचा कडा सुटतो, ओसरीचे खांब छतासह दरीत जातात, पाणी झिरपून गिलावा फुगतो, आणि आतील दालन मात्र शेकडो वर्षे जसेच्या तसे उभे असते. अशा वास्तूला आकाशावर रेखलेली कड नाही. तिला बाहेरून पाहिले तर ती अर्धीच दिसते आणि आतून पाहावयाचे तर उजेड नाही.

जेम्स फर्ग्युसनने १८३९ मध्ये अजिंठा पाहिला, लेण्यांना क्रमांक दिले, आणि पुढे १८४५ मध्ये शिलामुद्रित चित्रांसह लेण्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चैत्यगृहाचे वर्णन करताना त्याला ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळातील प्रार्थनामंदिराची आठवण होते. मधला प्रशस्त भाग, दोन्ही बाजूंच्या स्तंभांच्या रांगांपलीकडील अरुंद वाटा, शेवटी अर्धवर्तुळाकार भिंत, हा सारा आराखडा रोमन सभागृहापासून निघालेल्या त्या वास्तूशी जुळतो असे त्याच्या नजरेस आले. साम्य खोटे नाही. परंतु साम्याने शब्द पुरविले आणि शब्दांनी पाहणे ठरविले. स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालण्याची वाट ही केवळ ‘बाजूची वाट’ होऊन बसली. आजही आपले विद्यार्थी चैत्यगृहाचे वर्णन करताना इंग्रजी ग्रंथांतील तेच शब्द देवनागरीत लिहितात, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

गिलचे काम याहून निराळ्या कारणासाठी सुरू झाले. तो मद्रासच्या लष्करातील अधिकारी. जन्म १८०४ चा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत नकला करण्यासाठी कंपनी सरकारने १८४४ मध्ये त्याची नेमणूक केली, आणि पुढील आयुष्याचा फार मोठा भाग त्याने अजिंठा गावात काढला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले तरी अजिंठा निजामाच्या मुलखातच राहिला, तेव्हा गिल हा एका अर्थी सीमेवरचा रहिवासी होता. १८५६ च्या सुमारास त्याच्या हाती कॅमेरा आला. १८७९ मध्ये तो वारला आणि भुसावळला त्याचे दफन झाले. त्याच्या खाजगी जीवनाविषयी, विशेषतः पारो हिच्याविषयी, मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, ना. धों. महानोर यांची ‘अजिंठा’ ही दीर्घ कविता आणि त्याच नावाचा २०१२ चा चित्रपट सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या कथेची गोडी नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्यामुळे गिलची चित्रे पाहण्याऐवजी गिललाच पाहण्याची सवय आपणांस लागली, हे मात्र खरे.

१८६४ मध्ये लंडनला त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. एकात लेण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे आहेत. दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू आणि प्राणिसृष्टी यांची शंभर जोडचित्रे आहेत. दोहोंचा वर्णनात्मक मजकूर फर्ग्युसनचा. त्या काळी छायाचित्र छापखान्यात छापता येत नसे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर एकेक प्रत काढून ती पानावर चिकटवावी लागे. म्हणजे प्रत्येक प्रत हाताने सिद्ध झालेली असे.

जोडचित्र म्हणजे काय हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागेल. दोन डोळ्यांत जेवढे अंतर असते साधारण तेवढ्याच अंतरावर दोन भिंगे बसवून एकाच वस्तूची दोन चित्रे घ्यावयाची, ती पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी डकवावयाची आणि स्टिरिओस्कोप नावाच्या उपकरणातून पाहावयाची. दोन सपाट चित्रांचे मिळून एक खोल दृश्य होते. माझ्या मते गिलच्या कामाचे मर्म येथे आहे. लेणे ही पोकळी आहे असे वर म्हटले. पोकळीचे चित्र काढण्याला जोडचित्रासारखे दुसरे साधन त्या काळी नव्हते. रोमच्या स्तंभाला एका भिंगाचे चित्र पुरते, कारण त्याची शोभा बाह्यरेषेत आहे. एकोणिसाव्या लेण्याच्या मुखमंडपाचे दोन स्तंभ, त्यावरील नालाकृती गवाक्ष, गवाक्षाच्या दोन बाजूंचे यक्ष आणि मागचा अंधार, हे सारे एकामागे एक असलेले पदर आहेत. ते एका भिंगाने घेतले की भिंतीवर डकवलेल्या नक्षीसारखे दिसतात. आपण आज ग्रंथांतून आणि पडद्यावर गिलची चित्रे पाहतो ती बहुधा जोडीतील एकच बाजू असते. ज्या गुणासाठी ते चित्र घेतले गेले तोच गुण काढून टाकून मग ते सपाट आहे, निर्जीव आहे, असा अभिप्राय देणे हा अन्याय होय.

परंतु या चित्रांची खरी शोकांतिका रंगाची आहे, आणि तिच्याकडे आपल्या समीक्षेचे जवळजवळ दुर्लक्ष झाले आहे.

गिलच्या काळातील काचपट्टी ओली असतानाच वापरावी लागे. काचेवर कोलोडियनचा पातळ थर ओतावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असताना कॅमेऱ्यात घालावयाची, आणि थर सुकण्यापूर्वी काळोख्या तंबूत परत नेऊन चित्र उमटवावयाचे. वैशाखातील खानदेशच्या आणि वऱ्हाडच्या हवेत त्या थराला सुकावयास कितीसा वेळ लागणार? वाघोरा नदीचे पाणी हाताशी असल्याखेरीज हे काम होण्यासारखे नव्हते. ही शारीरिक अडचण झाली. याहून मोठी अडचण रसायनाची होती. ही पट्टी प्रकाशातील निळ्या आणि जांभळ्या किरणांनाच दाद देई. तांबडा आणि पिवळा यांना ती जवळजवळ आंधळी होती. निळे आकाश तिच्यावर कोरे पांढरे उमटे आणि तांबडी वस्तू काळी पडे.

आता अजिंठ्याच्या चित्रकाराचे रंग कोणते ते आठवावे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि बाहेरून आलेला लाजवर्दी निळा. म्हणजे ज्या रंगांवर अजिंठ्याचे शरीर उभे आहे, ज्या तांबूस तपकिरी छटांतून पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्वाचा खांदा आणि मान उजळून निघते, तेच रंग या यंत्राला दिसत नव्हते. त्यातून लेण्यांतील काळोख. शतकानुशतकांची काजळी आणि वटवाघळांची घाण ही आणखी भर. गिलने कॅमेरा हाती आल्यावरही भित्तिचित्रांसाठी कुंचला सोडला नाही याचे कारण केवळ सरकारी हुकूम नव्हे. दोन साधनांनी अजिंठा आपसांत वाटून घेतला होता: दगड कॅमेऱ्याचा, रंग कुंचल्याचा.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. गिलच्या मोठ्या कॅनव्हासवरील नकला लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे आग लागली आणि त्या जळाल्या, मोजक्याच वाचल्या. वीस वर्षांच्या कुंचल्याचे काम गेले आणि कागदावरचे हातभर लांबीचेही नसलेले जोडतुकडे राहिले. या अपघाताचे वर्णन करताना लेखक हळहळतात आणि थांबतात. समीक्षकाने थांबू नये. या आगीमुळे जगापुढे अजिंठ्याची जी प्रतिमा उरली ती रंग वगळलेली, नुसत्या पाषाणाची होती. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील त्याच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात नकला करून ही उणीव भरून काढावयाचा यत्न केला, तर १८८५ मध्ये लंडनलाच लागलेल्या दुसऱ्या आगीत त्यांतीलही पुष्कळशा गेल्या. ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६–९७ मध्ये निघेपर्यंत युरोपातील अभ्यासकाच्या टेबलावर अजिंठा म्हणजे मुख्यतः स्तंभ, गवाक्षे आणि स्तूप होते. शैलींचा क्रम लावणाऱ्या फर्ग्युसनसारख्या पंडिताला हे अजिंठे सोयीचे होते. स्तंभशीर्षांची तुलना छायाचित्रांवरून करता येते. बोधिसत्त्वाच्या डोळ्यांतील भावाची येत नाही.

फर्ग्युसनच्या संग्रहात हिंदुस्थानी वास्तूंची छायाचित्रे हजारोंनी होती आणि १८७६ च्या त्याच्या इतिहासग्रंथाचा तो मोठा आधार होता. लंडनमध्ये बसून दोन हजार कोसांवरील इमारतींचा कालनिर्णय करावयाचा हे सामर्थ्य छायाचित्राने दिले, हे मान्य केलेच पाहिजे. त्याबरोबर एक अहंताही दिली. राजेंद्रलाल मित्र यांच्या संशोधनावर १८८४ मध्ये त्याने जे पुस्तक लिहिले त्यात हिंदी विद्वानाच्या पाहण्याविषयी जो तुच्छतेचा सूर आहे, त्याच्या मुळाशी ही दूरस्थ सर्वज्ञता कितपत आहे, याचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

त्याच सुमारास अजिंठ्यात दुसऱ्या तऱ्हेचे पाहणे चालले होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लेण्यांतील लेखांचे वाचन करून ते १८६३ च्या सुमारास मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईतील आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी होते, तेव्हा या घराला कॅमेरा अपरिचित नव्हता. तरीही लेख वाचावयाचा तर भिंतीजवळच जावे लागले. सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेरील भिंतीवर वराहदेवाचा लेख आहे. वाकाटक नृपती हरिषेण याचा हा सचिव. भाऊ दाजींनंतर ब्यूलर आणि त्यानंतर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्या लेखावर परिश्रम केले. १९३९ मध्ये वाशीमला सापडलेल्या ताम्रपटामुळे वाकाटकांची वत्सगुल्म शाखा प्रकाशात आली आणि हरिषेण त्या शाखेचा हे निश्चित झाले. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. म्हणजे गिलच्या छायाचित्रात जो दगड दिसतो त्यातील काही भाग वऱ्हाडच्या राजसत्तेच्या छायेखाली कोरला गेला. १८६४ च्या पुस्तकातील वर्णनाला हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. छायाचित्राने आकार दिला, नाव भिंतीवरच राहिले.

वरूडच्या वाचकाला वाकाटक परके नाहीत. याच पट्ट्यातील रिद्धपूरला प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट मिळाला, अचलपूरजवळ चम्मक येथे द्वितीय प्रवरसेनाचा. पण रिद्धपूरचे नाव काढले की आपणांस वाकाटकांच्या आधी गोविंदप्रभू आणि चक्रधर आठवतात, आणि तेथूनच मी आरंभी उल्लेखिलेल्या मराठी दृष्टीकडे येतो.

महानुभावांची ‘स्थानपोथी’ मराठीच्या विद्यार्थ्याने भाषेसाठी वाचलेली असते. डॉ. वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन करून ती उपलब्ध करून दिली. चक्रधरांचे आणि गोविंदप्रभूंचे जेथे जेथे वास्तव्य झाले, जेथे ते बसले, निजले, जेवले, ती स्थाने या ग्रंथात गावोगाव नोंदविली आहेत. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या कोनात दुसरे देऊळ आहे, नदी कोणीकडे, वाट कोणीकडे, यांचा कोरडा आणि काटेकोर हिशेब तीत आहे. सौंदर्याविषयी एक अक्षर नाही. देऊळ पडले आहे म्हणून उसासा नाही. वेरूळच्या लेण्यांचाही लीळाचरित्रात उल्लेख येतो तो मुक्कामाची जागा म्हणून. पाहावयास गेलेल्या प्रवाशाचे आश्चर्य त्यात नाही.

कोणी म्हणेल की श्रद्धाळूची यादी आणि यंत्राचे चित्र यांची तुलना ओढूनताणून आणलेली आहे. मला तसे वाटत नाही. स्थानपोथीचा लेखक आणि गिल दोघेही एकच गोष्ट करीत आहेत: जी जागा नाहीशी होऊ शकते तिची, न पाहिलेल्या माणसासाठी, नोंद. फरक असा की स्थानपोथीत पाहणारा कोठे उभा आहे हे सांगितलेले असते आणि छायाचित्रात ते लपलेले असते. छायाचित्रकार स्वतः चित्रात नसतो, म्हणून ते कोणीच न घेतलेले, आपोआप उमटलेले वाटते. ते वाचावयाचे म्हणजे त्यातून काढून टाकलेला पाहणारा पुन्हा जागेवर आणावयाचा. स्थानपोथीचे प्रश्न छायाचित्राला विचारावयाचे: तोंड कोणीकडे? उभा कोठे? कोणत्या वेळी?

हे प्रश्न अजिंठ्याला चांगले लागू पडतात. वाघोरेच्या वळणामुळे लेण्यांची रांग नालाकार झाली आहे आणि त्यांची तोंडे निरनिराळ्या दिशांना आहेत. एकोणिसावे आणि सव्विसावे ही चैत्यगृहे साधारण पूर्वेच्या बाजूला पाहतात. त्यांच्या दर्शनी भागाचे स्वच्छ, उजळ चित्र म्हणजे सकाळचे चित्र होय. सावली यक्षाच्या कोणत्या बाजूला पडली आहे यावरून वेळेचा, आणि कड्यावरच्या झुडपांना पाला आहे की नाही यावरून ऋतूचा अंदाज बांधता येतो. सव्विसाव्या लेण्याची कोसळलेली ओसरी, अंगणातील दगडांचा खच, उगवलेले गवत, या गोष्टी कोणी मुद्दाम टिपावयास गेले नव्हते. त्या यंत्रापुढे होत्या म्हणून आल्या. माझ्या समजुतीने आज या चित्रांचे सर्वांत मोठे मोल या अनाहूत मजकुरात आहे. पुढे निजामाच्या पुराणवस्तू खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, लेण्यांची साफसफाई आणि दुरुस्ती केली. पडलेल्या खांबांच्या जागी ठिकठिकाणी नवे खांब उभे राहिले. ते काम आवश्यकच होते. मात्र आज ओसरीतील खांबांची रांग मोजून पाचव्या शतकातील शिल्पकाराच्या तालबद्धतेवर लिहिणाऱ्याने आधी गिलच्या काळची चित्रे उघडावीत. तालातील काही मात्रा विसाव्या शतकातील सिमेंटच्या निघतील.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. त्या काळच्या अवशेषांच्या छायाचित्रांत पुष्कळदा एखादा माणूस खांबाशी उभा किंवा पायरीवर बसलेला असतो. वास्तूची उंची कळावी म्हणून त्याला तेथे ठेवलेले असते, म्हणजे त्याचे काम मोजपट्टीचे. काचपट्टीवर चित्र उमटेपर्यंत त्याला न हलता राहावे लागे. त्याचे नाव कोणी लिहीत नसे. स्थानपोथीत उलट आहे: तेथे दगड गौण, त्यावर कोण बसले होते ते मुख्य. भग्नावशेषाच्या छायाचित्रात दगडाला क्रमांक मिळतो आणि माणसाला काहीच मिळत नाही. हा दोष एकट्या गिलचा नव्हे, रोमपासून अजिंठ्यापर्यंतच्या त्या सबंध परंपरेचा आहे.

मोर्शीच्या उत्तरेस, मध्यप्रदेशच्या सीमेवर, सालबर्डीच्या डोंगरात लेणी आहेत. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते आणि वरूड-मोर्शीकडील घरोघरची माणसे जातात. १८६४ च्या त्या लेणीग्रंथाचा भर अजिंठा-वेरूळवर होता. सालबर्डीकडे त्याची नजर वळलेली नव्हती. आमच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी आता खिशातील यंत्राने तेथील शेकडो चित्रे घेऊन येतात. त्यांना रंग दिसतो, अंधार दिसतो, काचपट्टी सुकण्याची भीती नाही. त्या चित्रांच्या मागे तारीख, प्रहर, उभे राहण्याची जागा, लेण्याच्या तोंडाची दिशा, आणि चौकटीत आलेल्या माणसाची संमती असेल तर त्याचे नाव, एवढे पाच रकाने लिहून आणावेत असा परिपाठ विभागाने घालावा. नोंदवही सालबर्डीपासून सुरू करावी. रिद्धपूरची पडकी देवळे त्यानंतर घ्यावीत, म्हणजे स्थानपोथीतील दिशा आणि आजचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून पडताळता येतील.